माळढोक आणि विजेच्या तारा: थर वाळवंटातलं एक प्रकरण

राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला सोलर-पवनचक्क्या आणि माळढोक पक्षी यांचं जे प्रकरण २०१९ पासून सुप्रीम कोर्टात चालू होतं त्याचा निकाल १९ डिसेंबर २०२५ ला आला. दोन दिवस बातम्या झाल्या आणि विषय संपला. बहुतेक ठिकाणी "सोलर हवं की पक्षी" एवढ्यावरच सगळं उरकलं होतं. मला ती मांडणीच पटत नाही, कारण माळढोक सोलर पॅनलमुळे मरत नाही, तो पॅनलपासून निघालेल्या तारेला धडकून मरतो, आणि तार कुठून न्यायची हे माणूस ठरवतो. पूर्ण प्रकरण लावून बघितलं की कुठे काय चुकत गेलं ते दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी पक्षी. उंचीला मीटरभर, नर मोठा झाला तर १५ किलोपर्यंत जातो, म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातल्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक. माळरानावरच राहणार, जमिनीवरच अंडं घालणार आणि तेही साधारण एकच. ते अंडं कोल्ह्याने किंवा गावातल्या मोकाट कुत्र्याने खाल्लं की त्या मादीचं वर्ष बहुतेक गेलंच. पिल्लू जगलं तरी ते वयात यायला तीन-चार वर्षं लागतात. असा पक्षी एकेकाळी ११ राज्यांत होता. १९६९ मध्ये देशभरात १२६० च्या आसपास असतील असा अंदाज होता, २०१८ च्या सुमाराला तो आकडा १५० वर आलेला, आणि त्यातले जवळपास सगळे जैसलमेर जिल्ह्यात. गुजरातेत कच्छच्या अबडासा तालुक्यात नलियाजवळ हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या माद्या उरल्या आणि नर दिसेनासाच झाला. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजला गेल्या काही वर्षांत एखादी मादी दिसली तरी पेपरला बातमी येते.

संख्या एवढी कमी होण्याचं खापर एकट्या तारांवर फोडता येणार नाही. शिकार झाली, इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं आणि माळाची शेतं झाली, कुत्रे वाढले, कीटकनाशकं आली. पण जे शंभर-सव्वाशे पक्षी उरले होते त्यांच्यावर शेवटचा घाव तारांचा आहे आणि तो का बसतो हे समजून घ्यायला पाहिजे.

माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. आजूबाजूचं त्याला उत्तम दिसतं पण बरोब्बर समोर दोन्ही डोळ्यांनी मिळून जो पट्टा दिसतो तो फार अरुंद. या कुळातल्या आफ्रिकी पक्ष्यांच्या नजरेचा अभ्यास झालाय त्यात असं निघालं की उडताना खालची जमीन बघायला त्यांनी मान थोडी झुकवली की समोरचं दिसणं बंदच होतं. आता माळरानावरचा पक्षी उडताना खालीच बघणार ना, लाखो वर्षं त्याच्या समोर आकाशात अडवणारं काही नव्हतंच. त्यात वजन एवढं की तार अगदी जवळ आल्यावर दिसली तरी झटकन वळता येत नाही. मोठ्या लाइनवर तर आणखी एक गोष्ट होते, जाड कंडक्टर (वीज वाहून नेणारी तार) दिसला म्हणून पक्षी वर उठतो आणि सगळ्यात वर जी बारीक अर्थवायर असते तिलाच जाऊन आदळतो. पंख तुटतो, मान मोडते, किंवा जखमी होऊन खाली पडतो आणि रात्रीत कोल्हे-कुत्रे त्याला संपवतात. म्हणून मेलेले पक्षी सापडतात कमी आणि मरतात जास्त.

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने थरमध्ये ८० किलोमीटर लाइन वर्षभरात सात वेळा चालून तपासली. सुमारे ४० जातींचे २८९ मृत पक्षी मिळाले, त्यात माळढोकही होता. त्यावरून आणि आधीच्या नोंदींवरून त्यांनी हिशोब मांडला की थरमध्ये वर्षाला साधारण १८ माळढोक तारांनी मरत असावेत. आक्षेप घेणारे म्हणतात की हा अंदाज आहे, प्रत्यक्ष हातात आलेले माळढोक मोजकेच आहेत. खरंय, अंदाजच आहे. पण सव्वाशे पक्ष्यांत अठराच्या जागी सहा धरले तरी वर्षाला एक अंडं घालणाऱ्या जातीला ते झेपत नाही, त्यामुळे या आकड्यावरून वाद घालत बसण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

मग इतक्या तारा तिथेच का आल्या? कारण ऊन तिथे, वारा तिथे, जमीनही तिथे स्वस्त. भडला सोलर पार्क २२४५ मेगावॉटचा, जैसलमेरचा पवनचक्क्यांचा पट्टा हजार मेगावॉटच्या वर, आणि देशाचं टार्गेट २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-कोळसा क्षमतेचं. हे टार्गेट गरजेचं आहे याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही. विदर्भात राहणाऱ्याला उन्हाळा कुठे चाललाय ते सांगायला नको आणि चंद्रपूरला राहणाऱ्याला कोळशाचा धूर काय असतो तेही सांगायला नको. अडचण वेगळीच आहे. २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत सोलर पीव्ही आणि पवन प्रकल्प येतच नाहीत. म्हणजे कोळशाच्या प्लांटला जे ईआयए (पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा आधी केलेला अभ्यास) लागतं, जनसुनावणी लागते, ती इथे नाही. हरित ऊर्जा आहे म्हणून सूट दिली, हेतू चांगलाच होता, पण त्यामुळे "या जागेवर आधीपासून कोण राहतंय" हा प्रश्न विचारायची जी एक सरकारी पायरी होती तीच गेली. त्यात माळरान म्हणजे सरकारी दप्तरी पडीक जमीन. झाड नाही म्हणजे जंगल नाही, आणि जंगल नाही तर वनखात्याला कोण विचारतंय.

जैसलमेरचा नकाशा समोर ठेवला की हे अजून स्पष्ट होतं. शहराच्या पश्चिमेला डेझर्ट नॅशनल पार्क, ३१६२ चौरस किलोमीटरचं, सम आणि सुदासरीचा भाग त्यात येतो. पूर्वेला पोखरणचं लष्कराचं फायरिंग रेंज आणि रामदेवराचा परिसर, रेंजमध्ये माणसांची ये-जा कमी म्हणून तिथेही माळढोक टिकले. हे पक्षी ऋतूप्रमाणे लांब लांब फिरतात, आणि या दोन ठिकाणांच्या मधोमध जो टापू आहे नेमक्या त्याच टापूत पवनचक्क्या, सबस्टेशनं आणि लाइनींचं जाळं उभं राहिलं. देगराय मातेचं ओरण याच पट्ट्यात येतं. ओरण म्हणजे आपल्याकडच्या देवराईसारखं, देवीच्या नावाने राखलेलं कित्येक हजार बिघ्यांचं रान. खेजडी, केर, बोर, तिथलं झाड कोणी तोडत नाही आणि आजूबाजूच्या गावांचे उंट, शेळ्या-मेंढ्या तिथेच चरतात. २०२० मध्ये याच ओरणात हायटेन्शन लाइनखाली मेलेला माळढोक सापडला. तिथल्या पशुपालकांनी ओरण वाचवायला मोर्चे काढले, पदयात्रा काढल्या. वन्यजीवप्रेमी म्हणजे शहरातले लोक आणि गावाला विकास हवा, असं जे नेहमी म्हटलं जातं ते इथे चालत नाही, कारण पक्ष्याचं आणि उंटवाल्याचं रान एकच होतं आणि दोघांचंही हातातून चाललं होतं.

त्याच २०२० च्या फेब्रुवारीत गांधीनगरला स्थलांतरित प्रजातींची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. शुभंकर म्हणून माळढोकाचीच निवड झालेली, नाव 'गिबी'. परिषदेत त्याला सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत टाकलंही.

कोर्टाचा भाग आता. २०१९ मध्ये एम. के. रणजितसिंह आणि इतरांनी याचिका केली. रणजितसिंह म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा मसुदा करणारे आयएएस अधिकारी, त्यांना उतारवयात आपल्याच कायद्यातल्या पहिल्या अनुसूचीच्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या, पक्ष्यासाठी कोर्टात जावं लागलं. १९ एप्रिल २०२१ ला सरन्यायाधीश शरद बोबडे (आपले नागपूरचे, निवृत्तीला चार दिवस राहिले होते) यांच्या खंडपीठाने आदेश दिला: माळढोकाच्या मुख्य आणि संभाव्य क्षेत्रात कमी दाबाच्या लाइनी जमिनीखाली घ्या, जास्त दाबाच्या लाइनींचं काय शक्य आहे ते तीन जणांची समिती ठरवेल, आणि तोवर सगळीकडे बर्ड डायव्हर्टर (पक्ष्याला तार दिसावी म्हणून लावतात ते) लावा. क्षेत्र किती, तर राजस्थान-गुजरात मिळून साधारण ९९ हजार चौरस किलोमीटर.

आदेशामागची कळकळ मला पूर्ण मान्य आहे. पण हा ९९ हजारांचा आकडा मला पहिल्यापासून खटकतो आणि तो का खटकतो हे सोलापूरचा माणूस पटकन ओळखेल. १९७९ मध्ये आपल्याकडे माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते ८४९६ चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके त्यात, माढा, मोहोळ, करमाळा, कर्जत, श्रीगोंदा, शेती गावं रस्ते सगळं आत. वनखात्याच्या ताब्यात प्रत्यक्षात माळाचे तुकडे तेवढे होते, बाकी सगळं लोकांचं. शेतकऱ्याला स्वतःची जमीन विकायची म्हटली तरी अडचण, घर बांधायचं तरी अडचण, आणि एवढं सोसूनही माळढोक वाढला का, तर नाही. ऊस आला, विहिरी-बोअर आले, माळ नांगरले गेले. लोकांच्या मनात मात्र पक्ष्याविषयी राग कायमचा बसला. शेवटी २०१२ मध्ये अभयारण्य १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं तोवर पक्षी बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. नान्नजच्या मचाणावरून माळढोक बघितलेली पिढी अजून आहे, माझ्या घरातही आहे, आणि त्यांच्याकडून ऐकताना कळतं की त्या कागदावरच्या प्रचंड हद्दीचा उपयोग शून्य झाला, उपयोग झाला तो प्रत्यक्ष राखलेल्या तुकड्यांचाच. २०२१ च्या आदेशातही तेच झालं असं मला वाटतं. हद्द एवढी मोठी आखली गेली की सरकारला आणि कंपन्यांना "हे शक्यच नाही" म्हणायला जागा मिळाली, आणि त्या सबबीखाली जे सहज शक्य होतं तेही राहिलं.

सहज शक्य काय होतं? पवनचक्कीतून किंवा सोलर प्लांटमधून वीज निघते ती बहुतेक ३३ केव्ही लाइनीने जवळच्या पूलिंग सबस्टेशनला (अनेक प्रकल्पांची वीज एकत्र करतात तिथे) जाते, तिथून २२०, ४०० किंवा ७६५ केव्हीला चढवून फतेहगड-भडलाकडून देशभर. ३३ केव्ही केबल जमिनीखालून नेणं हे रोजचं काम आहे, आपल्या शहरांमध्ये मैलोन् मैल अशा केबली आहेत, मुंबईत तर २२० केव्ही पण जमिनीखालून जाते. खर्च जास्त येतो, वाळूत खोदाई करावी लागते, फॉल्ट शोधायला वेळ लागतो, पण होतं. ४०० आणि ७६५ केव्हीचं प्रकरण खरोखर अवघड आहे. एसी केबल जमिनीखाली लांबवर नेली की केबल स्वतःच कपॅसिटरसारखी (वीज साठवणाऱ्या भागासारखी) वागते, तिला चार्ज करण्यातच बराच करंट जातो, ते सावरायला थोड्या थोड्या अंतरावर रिअ‍ॅक्टर बसवावे लागतात, उष्णता बाहेर जायला जागा लागते, जॉइंट फार होतात आणि प्रत्येक जॉइंट म्हणजे उद्याचा फॉल्ट. खर्च ओव्हरहेडच्या कित्येक पट. म्हणजे इंजिनिअरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मोठी लाइन जमिनीखाली जात नसेल तर ती वळवता येते, चार लाइनी चार दिशांनी नेण्याऐवजी एकाच पट्ट्यातून नेता येतात. हे सगळं टॉवर उभे करायच्या आधी कागदावर करायचं काम होतं, एकदा टॉवर उभे राहिले की मग फक्त खर्चाचे आकडे दाखवणं उरतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारच कोर्टात गेलं की आदेश बदला, देशाची हवामान बदलाबद्दलची वचनं त्यामुळे अडतायत. मधल्या काळात भर राहिला तो डायव्हर्टरवर. डायव्हर्टर म्हणजे तारेवर ठराविक अंतराने लटकवलेली चकती किंवा स्प्रिंगसारखी गुंडाळी, वाऱ्याने हलते, चमकते, पक्ष्याला लांबून तार कळावी म्हणून. लावायला सोपं, स्वस्त, फोटोही काढता येतो. पण दक्षिण आफ्रिकेत कारूच्या माळरानावर याची मोठी चाचणी झाली तेव्हा निळ्या क्रौंचांच्या धडका ९२ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि माळढोकाच्याच कुळातल्या लुडविग्ज बस्टर्डवर काहीच परिणाम दिसला नाही. वर नजरेचं जे सांगितलं ते आठवा, जो समोर बघतच नाही त्याच्यासाठी समोर चकती लावून काय होणार. थरमधल्या बाकीच्या पक्ष्यांसाठी, गिधाडं-गरुडांसाठी, करकोच्यांसाठी डायव्हर्टर लावलेच पाहिजेत. पण माळढोकासाठी तो उपाय म्हणून मोजणं मला धोक्याचं वाटतं.

२१ मार्च २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने २०२१ चा सरसकट जमिनीखाली घेण्याचा आदेश मागे घेतला आणि कुठे काय करायचं ते ठरवायला तज्ज्ञ समिती नेमली. याच निकालात कोर्टाने पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क हा घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येतो. देशातल्या हवामानविषयक खटल्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. फक्त तो हक्क ज्या प्रकरणात मान्य झाला त्यात समोर एक संपत चाललेला पक्षी होता, आणि त्याला मिळणारं संरक्षण त्याच दिवशी कमी झालं, हे मनाला लागतं. तरीही कोर्टाची पद्धत मला बरोबर वाटते. नकाशा न्यायाधीशांनी आखायचा नसतो, पक्षी ओळखणाऱ्यांनी आणि ग्रीड ओळखणाऱ्यांनी एकत्र बसून आखायचा. चूक एवढीच की हे काम २०१० च्या सुमाराला, प्रकल्प येत होते तेव्हा व्हायला पाहिजे होतं.

या सगळ्या वर्षांत एक काम मात्र शांतपणे चालू होतं ते प्रजनन केंद्राचं. २०१९ मध्ये सम इथे सुरुवात झाली, माळावरून अंडी उचलून आणून उबवायची, पिल्लं हाताने वाढवायची. अबुधाबीच्या हुबारा (माळढोकाच्याच कुळातला पक्षी) संवर्धन संस्थेचं तंत्र त्यासाठी घेतलं. मग रामदेवराला दुसरं केंद्र झालं. २०२४ मध्ये रामदेवराच्या 'सुदा' नावाच्या नराचं वीर्य घेऊन सुमारे दोनशे किलोमीटर लांब समला आणलं, तिथल्या 'टोनी' मादीवर कृत्रिम रेतन केलं, तिने सप्टेंबरात अंडं दिलं आणि १६ ऑक्टोबरला पिल्लू बाहेर आलं. माळढोकात हे पहिल्यांदाच झालं. नराला माणसाची सवय करायची, त्याचा विणीचा मूड सांभाळायचा, वीर्य खराब व्हायच्या आत वाळवंटातून गाडी पळवायची आणि मादी त्याच वेळी तयार असली पाहिजे, हे जुळवून आणणाऱ्या माणसांचं करावं तेवढं कौतुक कमी आहे. आता केंद्रातल्या पक्ष्यांची संख्या ६० च्या पुढे गेलीय. म्हणजे जात नष्ट होणार नाही अशी आशा धरायला जागा झाली. पण ही पिल्लं कधीतरी सोडायची आहेत आणि ती ज्या आकाशात सोडायची तिथे तारा त्याच असतील तर हा सगळा खटाटोप कशासाठी केला?

म्हणून डिसेंबर २०२५ चा निकाल महत्त्वाचा. न्या. नरसिंहा आणि न्या. अतुल चांदूरकर यांनी तज्ज्ञ समितीच्या शिफारशी मान्य केल्या. मुख्य क्षेत्र आता राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटर. त्यात नवीन पवनचक्क्या नाहीत, २ मेगावॉटच्या वरचे नवीन सोलर प्रकल्प नाहीत. मोठ्या लाइनींसाठी ठरवून दिलेले पट्टे, राजस्थानात डेझर्ट नॅशनल पार्कच्या दक्षिणेकडून ५ किलोमीटरपर्यंत रुंद, त्यातूनच तारा न्यायच्या. घातक ठरलेल्या काही लाइनी जमिनीखाली घ्यायच्या, काही वळवायच्या. आणि कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीत पर्यावरणाची जबाबदारीही येते असं कोर्टाने स्पष्ट केलं. म्हणजे जे २०२१ मध्ये "अशक्य" होतं त्यातलं बरंचसं क्षेत्र आवरून घेतल्यावर शक्य झालं. ९९ हजारांपेक्षा हे पंधरा हजार मला जास्त भरवशाचे वाटतात, कारण इथे कोणती लाइन, कुठून कुठे, हे नावानिशी विचारता येतं.

विचारायलाच पाहिजे, कारण जुन्या लाइनी अजून उभ्या आहेत. सम ते पोखरण या मधल्या टापूतल्या ३३ केव्ही लाइनी आधी खाली जातायत की शेवटी, हा माझ्या मते पुढच्या दोन वर्षांतला एकमेव प्रश्न आहे. ओरणांचंही तसंच, डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजस्थान सरकारला ओरणांची नोंद करून त्यांना वनाचा दर्जा द्यायला सांगितलंय, ती नोंद झाली तर देगरायसारख्या जागांना पहिल्यांदा कायद्याचा आधार मिळेल.

आणि आपल्याकडे? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीखाली शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी गावोगावच्या सरकारी आणि गायरान जमिनींवर सोलर प्लांट उभे राहतायत. योजना चांगली आहे, रात्री-अपरात्री पंप चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. पण सोलापूर, अहिल्यानगर, पुणे पट्ट्यातल्या गायरानांवर लांडगे आहेत, काळवीट, खोकड, चिंकारा आहेत, धनगरांची मेंढरं आहेत. महावितरणकडे जागांची यादी आहे, वनखात्याकडे आणि माळरानावर काम करणाऱ्या संस्थांकडे लांडग्यांच्या घळींची, काळविटांच्या कळपांची माहिती आहे. या दोन याद्या एका टेबलावर ठेवायला कोर्टाची ऑर्डर लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांनी एक बैठक बोलावली तरी पुरे. अजून खांब उभे राहिलेले नाहीत तिथे तरी हे आत्ताच करून घ्या.